प्योन सरांच्या नावाची माशी

एखाद्या माशीला आपलं नाव मिळावं, ही काही चारचौघांत बोलून दाखवण्यासारखी इच्छा नाही. पण प्योन सरांची ती होती, आणि त्यांनी ती इतकी जपून लपवली होती की अख्ख्या कीटकशास्त्र विभागाला ठाऊक होती. जन्मभर सरांनी खाडीकाठच्या माश्याच पाहिल्या. त्यांची वर्णनं लिहिली आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या वर्णनांच्या चिंध्या केल्या. आता ते निवृत्त होणार होते, शिष्यमंडळी त्यांचा गौरवग्रंथ काढणार होती, आणि ऐन वेळी त्यांची विद्यार्थिनी थाक उन-शिल हिच्या हाती बोल्ग्यो गावच्या खाडीतल्या चिखलातली एक माशी लागली होती.

साधी नवी जात नव्हे. नवी जात म्हणजे नांदत्या घरात आणखी एक पोर. ही नवी प्रजाती होती, म्हणजे आडनावच नवं. कुजक्या शिंपल्यांच्या ढिगावर बसायचं, आकार तिळाएवढा, पण खानदान स्वतंत्र. त्या खानदानाचं नाव सगळ्यांनी मिळून ठरवलं, प्योनिया.

उन-शिलनं माशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि सरांनीच शिकवल्याप्रमाणे डोक्यापासून लिहायला घेतलं. चेहरा फुगीर, पुढे आलेला. तोंड अतिशय मोठं, कायम उघडं. माथा चकचकीत, केसांचा मागमूस नाही. पोट रुंद. पाय त्या मानानं किरकोळ. लिहिलेलं तिनं एकदा वाचून पाहिलं आणि कागद पालथा घातला.

ग्रंथाचं संपादन मुन-गूकडे होतं. तो तिच्याहून चार वर्षं पुढचा, म्हणून दादा. वाचता वाचता तो खुर्चीवरून घसरायचा बाकी राहिला.

"अगं, यात माशी कुठाय? हे तर सर आहेत."

"माशीच आहे, दादा."

"बाई गं, पायसुद्धा सोडले नाहीस?"

"तिचे पाय तसेच आहेत, मी काय करू?"

"सगळं राहू दे. तोंड तेवढं मध्यम कर आणि डोक्यावर चार केस लाव."

"तोंड आणि माथा, याच दोन गोष्टींवर तर प्रजाती उभी आहे. तोंड मध्यम केलं की ती शेजारच्या प्रजातीत जाऊन बसेल. मग नवीन काय उरलं?"

"आणि सरांनी हे वाचलं की तू कुठे जाऊन बसशील?"

उन-शिल घाबरली होती, यात खोटं काही नाही. इतक्या वर्षांत सरांनी तिच्या एकाही कामाला "बरं आहे" म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणायची ही शेवटची संधी होती. तरी तिनं एक शब्द बदलला नाही. मुन-गू "बरं" म्हणाला. हा माणूस वाद न घालता बरं म्हणाला की काळजी करावी, हे तिच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

सरांच्या निरोपाचं जेवण बोल्ग्योलाच ठेवलं होतं. उकडलेल्या शिंपल्यांची घमेली आली, तांदळाच्या दारूची किटली फिरली, धाकट्यांनी थोरांसमोर प्यायच्या रीतीप्रमाणे माना वळवून वाट्या रिकाम्या केल्या. सर मधोमध, शेजारी त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू. मुन-गूनं दोन्ही हातांनी ग्रंथाची कच्ची प्रत सरांपुढे धरली. सरांनी थेट प्योनियाचं पान काढलं. वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"उन-शिल, ही नवी प्रजाती नाही."

फिरणारी किटली मधेच अडली.

"तोंड मध्यम, माथ्यावर केस माफक. असल्या माश्या मी पोत्यानं पाहिल्यात. माझं नाव लावायचं म्हणून काहीही उभं केलंस?"

उन-शिलनं मुन-गूकडे पाहिलं. तो आपल्या वाटीत काहीतरी शोधत होता. आता तोंड मिटून बसलं की झालं, सर खूश नाही तरी शाबूत राहतील. फक्त माशी जाईल. चिखलात गुडघाभर रुतून मिळवलेली तिची माशी.

"सर, छापलंय ते चूक आहे. तोंड मध्यम नाही."

"मग कसं आहे?" सरांचा तोंडी परीक्षेतला आवाज लागला.

"मोठं."

"किती मोठं?"

"अतिशय, सर. कायम उघडं."

"माथा?"

"तुळतुळीत."

सर पुढे झुकले. डोळ्यांत चमक आली. असं काही त्यांनी खरंच पाहिलं नव्हतं. "चेहरा?"

"फुगीर. पुढे आलेला."

"आणि पोट..." इथे सर थांबले. त्यांनी खाली आपल्या पोटाकडे पाहिलं. मग पंगतीकडे पाहिलं. पंगत शिंपल्या सोलण्यात गढून गेली होती. काकूंनी रुमाल तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

"मादीचं तोंड?" सरांनी बारीक आवाजात विचारलं.

"तेवढंच, सर."

"मला कशाला ओढता यात?" काकू म्हणाल्या. पण हसलं कुणीच नाही, कारण सरांचा हात नकळत टाळूवर गेला होता. उन-शिलला त्यांची दया आली, आणि अशी दया आल्याची लाजही वाटली.

"इतकी वर्षं तुम्ही सगळे मला असंच बघत होता?"

"नाही, सर," उन-शिल म्हणाली. "मी माशी बघत होते."

सरांनी मुन-गूच्या खिशातलं पेन काढून घेतलं. पानावरचं 'मध्यम' खोडलं, 'माफक' खोडलं, आणि प्रत तिच्याकडे सरकवली.

"तू खोटं बोलतेस," ते म्हणाले. "वर्णन खोटं नाही. तेच छाप."