तोंडावरचं बोट

सत्तावीस वर्षं झाली मला अंगनवाडी चालवून. ह्या वस्तीवरची निम्मी मानसं माझ्यापुढं शेंबूड पुसत मोठी झाली, आमचा सरपंच भागवत बी त्यातलाच. आन् मला, ह्या मनकर्णाला, जुलैत पाचापैकी एक चांदनी मिळाली. एक. देनारी पोरगी माझ्या धाकट्या लेकीपरीस लहान. नाव निवेदिता, ऱ्हानार नगरला, हातात टॅब, पायात पांढरे बूट. दर अंगनवाडीत जाऊन दोन तास गप कोपऱ्यात बसायचं, बघायचं आन् कामाप्रमानं चांदन्या द्यायच्या, हेच तिचं काम.

त्या दिवशी मी काय कमी ठेवलं हुतं? चोवीस पोरं, दोन रांगा, हाताची घडी, तोंडावर बोट. सगळ्यांचे भांग पाडलेले. दोन तासांत एकानं हूं का चूं केलं न्हाई. खेळनी कपाटावर, आली तशी प्लास्टिकात. तीन वर्षं झाली त्यान्ला, पन एकावर ओरखडा न्हाई. मला वाटलं, पोरगी खूष होऊन जाईल.

जाताना तिनं इचारलं, "ताई, ही खेळणी मुलांना कधी देता?"

"देऊन कसं चालंल? मोडलं तर रजिस्टरात काय लिहू?"

तिनं टॅबवर कायतरी टिचकवलं. मंग म्हनली, "राग मानू नका ताई. मी अनोळखी बाई दोन तास इथं बसले. एकाही मुलानं मला 'तू कोण' असं विचारलं नाही. मुलं घाबरलेली आहेत."

"घाबरलेली न्हाईत. वळन लावलंय त्यान्ला."

ती हसली न्हाई की भांडली न्हाई. सप्टेंबरात परत येते म्हनली आन् गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली हुती. घरी येऊन मी भांडी आपटली, शेळीवर वरडले. आमचे हे, गोरक्षनाथ, बाजंवर बसून बघत हुते. म्हनले, "येवढी कशाला तडतडतीस? एकच चांदनी मिळाली, पन भर दिवसा मिळाली."

मी त्या दिवशी त्यान्ला रातचं कालवन दिलं न्हाई. बिचारे कोरडी भाकर खाऊन निजले.

आता नुसत्या मानापमानाचा प्रश्न असता तर मी चांदनीला चुलीत घातलं असतं. पन त्या साली सरकारचं नवीन फर्मान निघालं हुतं. ज्या वस्तीवरची मानसं ऊसतोडीला जात्यात, तिथल्या अंगनवाडीला दिवसभराचं पाळनाघर मिळनार. सकाळी आठ ते सांजच्या सहा, दोन टाइम जेवन, जोडीला आनखी एक बाई. अट एकच, तीन चांदन्या पायजेत.

आमची वस्ती खर्ड्याच्या पलीकडं, माळावर. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, आन् चोवीसातली पंधरा पोरं आईबापासंगं कोपरगावकडं जात्यात. सहा महिने फडात, ऊस तुटंल तिकडं. मागल्या साली आमच्या वस्तीवरच्या जयानं तिच्या धनश्रीला पाचटाच्या ढिगावर निजवलं हुतं. ऊस भरायचा ट्रॅक्टर मागं आला. जया वरडली म्हनून चाक पोरीपासनं चार बोटांवर थांबलं. पोरगी आत्ता कुठं तीन वर्षांची. जयाची सासू हाय घरी, पन ती रोज कांदं खुरपायला जाती. पंधराही घरांत हीच गत, रातीला आजी हाय, पन दिवसा कोन?

चांदनीची बातमी ऐकून जया दारात आली. "बाई, एका चांदनीत काय व्हतंय?"

"काय बी न्हाई व्हत."

"मंग?"

"मंग आनखी दोन आनायच्या."

"अन् न्हाई आल्या तर?"

उत्तराला ती थांबली बी न्हाई. पोरीला कडंवर घेऊन गेली.

रातभर डोळा लागला न्हाई. निवेदिताचं म्हननं घशात काटा अडकावा तसं अडकलं हुतं. घाबरलेली हायेत. खरं सांगू? मला ठावं हुतं. सत्तावीस वर्षं मी पोरांना गप बसवलं, कारन चोवीस पोरं आन् मी एकली. गप बसलेलं पोर सांभाळायला सोपं. त्यालाच मी वळन म्हनत आले. हे कबूल करायला मला सकाळ उजाडावी लागली, आन् कबूल केलं ते बी शेळीपुढं.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्याकडनं टमाट्याच्या क्रेटांची बुटकी मांडनी करून घेतली, पोरांच्या हाताला येईल अशी. स्टुलावर चढून खेळनी काढली आन् टराटरा प्लास्टिक फाडलं. म्हनलं, घ्या.

एकानं हात लावला न्हाई. चोवीस पोरं घडी घालून बघत बसली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. तीन दिवस असंच गेलं. चौथ्या दिवशी पाच वर्षांच्या कल्यानानं माझ्याकडं बघत बघत ट्रक उचलला, आन् तासाभरात चाक काढून हातात दिलं. माझ्या तोंडाशी शिवी आलती, ती गिळली. रजिस्टरात लिहिलं, "ट्रक एक, चाक निखळले, कारण मुले खेळली." सही केली. त्या सहीवर जो साहेब बोट ठेवंल त्याला मी बघून घेते म्हनलं.

मंग मी खुर्ची उचलून भाईर ठेवली आन् खाली सतरंजीवर बसले. गुडघं कुरकुरले, कुरकुरू दिले. रोज सकाळी इचारायचं, आज वाटंत काय दिसलं? पैले आठ दिवस छतच दिसत हुतं सगळ्यांना, तिकडं बघायची नुसती. एक दिवस कुनीतरी म्हनलं, "आमची शेळी इयाली." मी म्हनलं, किती? "दोन." रंग कसला? मंग जी तोंडं सुटली ती सुटलीच. कुनाचा बाप पडला, कुनाच्या घरी साप निघाला, कुनाच्या आजीनं आज्याला काय म्हनलं. वस्तीची सगळी अब्रू माझ्या सतरंजीवर येऊन पडायला लागली. भागवत जाता जाता दारातनं म्हनला, "बाई, अंगनवाडी हाय का आठवडी बाजार?"

"बाजारच हाय. तुला काय पायजे?"

एक खेळ मात्र मी चालू दिला न्हाई. पोरं कडब्याच्या ताटांच्या मोळ्या बांधायची आन् ऊसतोड-ऊसतोड खेळायची. मुकादम, ट्रॅक्टर, शिव्या, सगळं. मला बघवंना. ह्याच्यातनंच काढायचं म्हनून मी जिवाचं रान करते, आन् ही खेळायला बी तेच घेत्यात. मोळ्या काढून कपाटामागं टाकल्या. म्हनलं, शाळा-शाळा खेळा.

सप्टेंबर सरता सरता निवेदिता आली. कोपऱ्यात बसली, टॅब उघडला. नियम असा की तिच्याशी कुनी बोलायचं न्हाई, तिला काय सांगायचं न्हाई, रोजचं काम रोजच्यासारखं करायचं. पोरं दारातनं आत आलती, कुनी ठोकळे घेतलते, जरा गलका सुरू झालता. माझा जीव भांड्यात पडतोय न् पडतोय तवर भागवत आला. इस्तरीचे कपडे, हातात शाल-नारळ, मागं दोन मेंबर. बिचाऱ्याच्या मनात पाप न्हव्हतं, वस्तीला पाळनाघर पायजे म्हनूनच आलता. पन आत गलका बघून घाबरला, आन् सगळा जोर लावून म्हनला, "ए, बसा रं सगळी खाली. हाताची घडी, तोंडावर बोट."

चोवीस बोटं चोवीस तोंडांवर गेली. दोन महिन्यांचं माझं काम एका हाकंत पुसलं. आन् त्या बाबाचा तरी काय दोष? त्याला हे कुनी शिकवलं हुतं? मीच.

मी उठले. "भागवत, भाईर."

"अवो बाई, मी तर मदतीला..."

"भाईर. शाल बी ने, नारळ बी ने. आन् मेंबरांना संगं ने, न्हाई तर हितंच रांगंत बसवीन."

सरपंच असला म्हनून काय झालं, माझ्याच हातनं खिचडी खाल्लीय त्यानं. गेला मुकाट. पन पोरं तशीच. मी खाली बसले, म्हनलं वाटंत काय दिसलं? छत. गानं म्हनलं, माझं मीच. ठोकळे पुढं सारले, कुनी शिवलं न्हाई. घड्याळात तास उलटला. दारापलीकडं झाडाखाली जया उभी हुती, कामाचा खाडा करून. तिला आतलं काय दिसत न्हव्हतं, पन शांतता ऐकू येत असंल. पदर तोंडात धरलेला मला दिसला.

मला एकच सुचलं. नको वाटत हुतं, पन तेवढंच उरलं हुतं. कपाटामागनं कडब्याच्या मोळ्या काढल्या, सतरंजीवर टाकल्या, डोक्याला पदराचा फेटा बांधला आन् म्हनलं, "चला, कोपरगावला कोन कोन येनार?"

कल्यान माझ्याकडं बघतच ऱ्हायला. "बाई, तुमी न्हाई म्हनलंत ना?"

"चुकले मी. मुकादम कोन?"

"मी," म्हनला, आन् उठला.

मंग काय सांगू. क्रेटाची मांडनी आडवी झाली, तिचा ट्रॅक्टर झाला. सहा पोरं ऊस तोडायला, चार पोरं मोळ्या बांधायला. कल्यान मोजत हुता, एक ते दहा आन् परत एक. चुकला की बाकीची त्याला सुधरवत हुती. लांबडी मोळी, आखूड मोळी, कुनाची जड, कुनाची हलकी, ह्याच्यावर भांडनं. एकीनं दगडाच्या चुलीवर सगळ्यांचा चहा केला. धनश्री सरळ कोपऱ्यात गेली आन् निवेदिताला म्हनली, "तू कोन? तुझा कोयता कुठाय?"

"माझ्याकडं नाही गं."

"मंग मोळी उचल."

नियमाचं काय झालं कोन जाने, पन पोरगीनं टॅब खाली ठेवला आन् मोळी डोक्यावर घेतली.

मंग धनश्रीनं फडक्याची बाहुली आनली आन् पाचट म्हनून पसरलेल्या कडब्यावर निजवली. कल्यान ट्रॅक्टर घेऊन मागं यायला लागला, घर्र घर्र करत. ती वरडली, "थांबव, पोरगी हाय मागं." आईचाच आवाज, जसाच्या तसा. कल्यान थांबला. सगळा फड थांबला. धनश्रीनं बाहुली उचलली, इकडंतिकडं बघितलं, आन् येऊन माझ्या मांडीवर ठेवली.

"हिला हितंच ठेवा बाई. फडात न्हाई न्यायची. भात द्या, निजवा. मी सांजच्याला येते."

आन् गेली परत मोळ्या बांधायला. माझ्या डोळ्यातनं पानी कवा आलं ते मला कळलं न्हाई. कुठल्या चांदनीसाठी न्हाई. त्या पोरीला येवढी भीती हुती, आन् ती भीती तिनं माझ्या मांडीवर आनून ठेवली, ह्यासाठी. निवेदिता डोक्यावर मोळी घेऊन तशीच उभी हुती.

चार दिवसांनी कागद आला. तीन मागितल्या हुत्या, चार आल्या. मी कागद दोनदा वाचला, तिसऱ्यांदा ह्यांच्याकडनं मोठ्यानं वाचून घेतला, आन् मंग जयाच्या दारात जाऊन वाचला. तिला पैल्यांदा कळंना. कळलं तवा उंबऱ्यावर बसली आन् धनश्रीला मांडीत ओढलं. पाचवी चांदनी का कापली तर हात धुयाचा नळ पोरांच्या हाताला येत न्हाई. भागवतानं दुसऱ्याच दिवशी स्वतः पान्हा घेऊन नळ खाली आनला. मी त्याला चहा दिला.

दिवाळी झाली. पुंजाराम मुकादमाचा ट्रॅक्टर आला. बोचकी चढली, भांडी चढली, कोयते चढले. मानसं चढली. पंधराच्या पंधरा पोरं अंगनवाडीच्या ओट्यावर उभी हुती. काही रडली, त्यान्ला मी रडू दिलं. जया सगळ्यात शेवटी चढली. ट्रॅक्टर निघाला, नऊ वाजले हुते, आन् मी आत येऊन हजेरी घेतली. चोवीस. आजवर दिवाळीनंतर ह्या रजिस्टरात कधी चोवीस लिहिले न्हव्हते मी. आकडा जरा मोठाच काढला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जयाचा फोन आला. मागं कोयत्यांचा आवाज, कुनीतरी हाका मारत हुतं.

"बाई, धनश्री काय करती?"

"जेवली. निजलीय."

"कशावर?"

"सतरंजीवर. माझ्या शेजारी. किती घास खाल्ले ते बी सांगू का?"

ती हसली.

"दर साली फडात उतरलं की आदी सावली हुडकते मी," ती म्हनली. "हिला कुठं निजवायचं म्हनून. आज बी उतरल्या उतरल्या हुडकाया लागले. बांधावर एक बाभळ दिसली. तिच्यापातुर गेले, अन् मंग ध्यानात आलं, की निजवायला कोनच न्हाई."

मी धनश्रीच्या अंगावरचं पांघरून सारखं केलं.

"मंग हुबी काय ऱ्हायलीस?" मी म्हनलं. "त्या सावलीत घडीभर तू बस. सांजपातुर हितं मी हाय."