दोन्हीकडे वळणारा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. कोरियातल्या सोलगोल नावाच्या डोंगरगावात, सभाघराच्या खांबावर माझे सारे आयुष्य गेले. माझा जन्म थेगू शहरातल्या एका कारखान्यात झाला. पत्रा ठोकून, वाकवून, वर करडा रंग चढवून माझे हे भलेमोठे तोंड घडवले गेले. तोंड मोठे असले तरी स्वतःचे असे मी कधी काही बोललो नाही. गावप्रमुख बे जोंगतेक खाली खोलीत बसून बोलत आणि मी ते गावात पोहोचवत असे.

प्रमुखांना बोलायची भारी हौस. रोज सकाळी घसा खाकरून ते सुरुवात करत. कोणाची गाय व्याली, खत कधी येणार, कोणाची कोंबडी कोणाच्या परसात सापडली, सगळे सांगून होईपर्यंत लोकांची न्याहारी उरकलेली असे. पण माझे खरे काम वेगळे होते. बांध फुटला, वाट खचली की मी हाळी द्यायची आणि प्रत्येक घरातून एकाने फावडे घेऊन यायचे, अशी गावाची रीत होती. ज्या घरातून कोणी कामाला येत नसे, त्या घराला गावाच्या बैठकीत बोलायचा हक्क नसे.

ओढ्यापलीकडे कुंभारांची वस्ती होती. गावातल्या प्रत्येक घरची किमची, म्हणजे कोबीचे तिखट लोणचे, त्यांनीच घडवलेल्या रांजणात मुरत असे, पण त्यांच्यासोबत एका चटईवर कोणी जेवायला बसत नसे. शिवाय ते गावकामाला येत नाहीत, म्हणून ओढ्याअलीकडच्या वरच्या आळीने त्यांना कामचुकार ठरवून टाकले होते. कुंभारांना काम झाल्यावरच कळायचे. आपल्याला मुद्दाम बोलावले नाही, असे त्यांना वाटायचे.

मला मात्र खरे काय ते दिसत होते. मला खांबावर चढवले तेव्हा वरच्या आळीतल्या मातब्बर ग्वोन घराण्याचे थोरले आजोबा खाली उभे राहून, 'आणखी जरा आमच्या अंगणाकडे' असे सांगत होते. त्यामुळे माझी पाठ ओढ्याकडे झाली. त्यात पाण्याचा खळखळाट. पलीकडे माझा शब्दही पोहोचत नव्हता, आणि मला मान वळवता येत नव्हती.

एका वसंतात सरकारकडून गावाला सिमेंटची पोती मिळाली. त्याचे काय करायचे हे ठरवायला बैठक बोलावली गेली. कुंभारांना ओढ्यावर पूल हवा होता. पावसाळ्यात ओढ्यातले दगड बुडत आणि त्यांची मुले महिना महिना शाळेला मुकत. ओक दोकमान नावाचा कुंभार तर पाठीवर रांजण घेऊन ओढ्यात पडला होता आणि त्याचा खांदा कायमचा वाकडा झाला होता. पण बैठकीला पलीकडून कोणीच आले नाही. ग्वोनांच्या पूर्वजांच्या देवळापर्यंत सिमेंटची वाट करायची, असे ठरले.

थोरल्या आजोबांची धाकटी सून हादोंग गावची. माहेरच्या गावावरून तिला सगळे हादोंगवालीच म्हणत. बैठकीची हाळी दिली तेव्हा ती दोकमानच्या अंगणात रांजण ठोकून ठोकून पारखत होती. घरी आल्यावर जावेने विचारले, "बैठकीचं ऐकलंस ना?" तिने काहीच ऐकले नव्हते. ती थेट सासऱ्यांपुढे गेली.

"मामंजी, पलीकडे भोंगा ऐकूच येत नाही."

"कामाचं नाव काढलं की काही जणांना कमीच ऐकू येतं," आजोबा म्हणाले.

प्रमुखही तिथेच बसले होते, तेही हसले. हादोंगवाली हसली नाही. ती म्हणाली, "मग प्रमुखभाऊ, तुम्हीच जा ना पलीकडे. मी भोंग्यावरून बोलते. ऐकू आलं तर टोपी काढून हलवा."

घरातल्या सुनेने साऱ्या गावाला ऐकू जाईल असे बोलायचे, हे आजोबांना मुळीच रुचले नाही. पण प्रमुखांना पैज आवडली आणि ते गेले. सभाघराच्या अंगणातून पलीकडचे सगळे स्पष्ट दिसत होते. वरची आळी तिथे जमली. हादोंगवाली खालच्या खोलीत बसून माझ्यातून बोलू लागली. "प्रमुखभाऊ, टोपी हलवा." प्रमुख दोकमानशी गप्पा मारत राहिले. तिने पुन्हा सांगितले. टोपी डोक्यावरच होती. मग तिने मोठा श्वास घेतला. "प्रमुखभाऊ, तुमचं डुक्कर सुटलंय, कोबीच्या वाफ्यात शिरलंय!"

प्रमुखांची बायको हातातली परात टाकून घराकडे पळाली. अंगणात हशा पिकला. ज्यांचे डुक्कर ते प्रमुख मात्र पलीकडे शांतपणे तंबाखू ओढत होते. हळूहळू हसू ओसरले. ज्यांनी ज्यांनी कुंभारांना कामचुकार म्हटले होते, ते एकमेकांकडे बघेनासे झाले. मित्रांनो, इतकी वर्षे लोक माझा आवाज ऐकत होते, पण तो कुठे पोहोचत नाही हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले.

थोरल्या आजोबांनीही हे सारे पाहिले होते. बैठक पुन्हा घ्यायची तर ठराव त्यांच्याच घराण्याचा मोडणार होता. शेवटी ते म्हणाले, "पूर्वजांना काही घाई नाही. वाट पुढच्या वर्षी होईल. पुन्हा बोलवा सगळ्यांना."

पण बोलवायचे कसे? मला ओढ्याकडे वळवले तर वरची आळी बहिरी होणार. यावर वाद रंगला. तेव्हा, प्रमुखांकडून सारे कळल्यावर, दोकमान आपल्या जुन्या चाकाची आरी, म्हणजे चाक ज्यावर फिरते तो खिळा, घेऊन आला. "माझं चाक फिरतं, तर हा का नाही फिरणार?" असे म्हणून वाकड्या खांद्यानिशी तो खांबावर चढू लागला. खालून शिडी धरायला थोरले आजोबा स्वतः पुढे झाले. त्या दिवसापासून माझी मान फिरू लागली. प्रमुख प्रत्येक गोष्ट दोनदा सांगू लागले आणि त्याचा त्यांना आनंदच झाला.

दुसऱ्या बैठकीत पूल ठरला. कामाच्या दिवशी कुंभारवस्तीतून सगळ्यांत आधी माणसे आली, तीही घरटी दोन दोन. दुपारी एकाच चटईवर भाताची दारू आणि किमची वाढली गेली. काही जण अवघडून बसले होते, पण बसले. त्या पावसाळ्यात मी वरून रोज पाहत होतो. पलीकडची मुले कोरड्या पायांनी शाळेत जात होती. खरे सांगतो, त्याहून सुंदर काही मी पाहिलेले नाही.

पुढे माझे दिवस फिरले. घरोघरी मोबाइल आले, निरोप त्यांवर जाऊ लागले. माझा रंग उडाला, चिमण्यांनी तोंडात घरटे केले आणि आरी गंजून मान पुन्हा ग्वोनांच्या अंगणाकडे अडकली. कुंभार शहरात गेले. त्यांच्या जागी आता भाजी पिकवणाऱ्या पॉलिथिनच्या हरितगृहांत काम करायला नेपाळहून आलेली माणसे राहतात. गावाच्या मोबाइलवरच्या गटात त्यांची नावे नाहीत. परवा एक म्हातारा त्यांच्याबद्दल म्हणाला, "ही माणसं गावाच्या कशातच नसतात." ते वाक्य ऐकून माझा गंजलेला पत्राही शहारला.

पण ते आणखी कोणीतरी ऐकले होते. दुसऱ्या दिवशी हादोंगवाली आजी काठी टेकत आली. तिने नातसुनेला तेलाची बाटली देऊन शिडीवर चढवले. करकर करत माझी मान फिरली आणि आजीने ओढ्यापलीकडे हाळी दिली. उद्या सगळ्यांची मिळून किमची घालायची आहे, घरटी एकाने यायचे. पलीकडे दोघे जण हरितगृहातून बाहेर आले. त्यांतल्या एकाने डोक्यावरची टोपी काढली आणि जोरजोरात हलवली.

मित्रांनो, मला नवा रंग नको. मला वेळोवेळी थोडे तेल घाला. आणि तुमच्या गावात कोणी हाकेला येत नसेल, तर त्याला नाव ठेवण्याआधी एकदा त्याच्या अंगणात जाऊन उभे राहा आणि तुमची हाक तिथे ऐकू येते का, ते बघा.