मेंढरं दिवस कलल्यावर बघा

मित्रांनो, मी एक जुना नळा आहे. पाण्याचा नव्हे, वेळूचा. वीतभर लांब, एका टोकाला पेर बंद आणि दुसऱ्या टोकाला तिरपा कापलेला. माझ्यात औषध भरून ते जनावरांना पाजतात. दिसायला मी काही खास नाही, हे मला ठाऊक आहे. पण मंगळवेढ्याच्या बाजूला आमच्या गावात एके काळी माझ्यावाचून लोकांचं अडत असे, आणि हे मी थोड्या तोऱ्यातच सांगणार.

मला सिद्रामप्पांनी घडवलं. माझ्या तोंडाची कड त्यांनी दगडावर घासून इतकी गुळगुळीत केली, की मेंढराच्या हिरडीला ओरखडासुद्धा जाऊ नये. त्यांच्या बायकोने, सावित्रम्माने, तापल्या तारेने माझ्या अंगावर एक रेघ उठवली. मोठ्या मेंढीला रेघेपर्यंत औषध आणि कोकराला त्याच्या निम्मं. पाजण्याचं काम तिचंच. मेंढी गुडघ्यांत धरायची, ओठांच्या कोपऱ्यातून मला हळूच आत सरकवायचं आणि तिची मान फार वर करायची नाही, नाहीतर औषध फुप्फुसात जातं. घाई केलेली तिला खपत नसे. लोक म्हणायचे, सावित्रम्माच्या हातून मेंढरू मुकाट्याने पितं. मी मनात म्हणायचो, माझंही थोडं नाव घ्या की.

मेंढीच्या तोंडात शिरलो की तिची तब्येत मला लगेच कळे. धडधाकट मेंढीच्या हिरड्या गुलाबी असतात. पोटात जंत झाले की त्या फिकट पडतात.

बहात्तरच्या दुष्काळात गावाने खडी फोडली, माती वाहिली आणि पाझर तलाव बांधला. सिद्रामप्पांची जमीन नेमकी त्या तलावाला लागून. पाणी ओसरलं की काठावर हिरवंगार गवत उगवे, तेही भर उन्हाळ्यात. दुष्काळात जनावरांना निवडुंग भाजून घातलेली माणसं ती. गवत बघून त्यांचे डोळे निवत. सिद्रामप्पांनी आपल्या मेंढ्या दिवसभर तिथेच सोडल्या. हिरव्या गवतात काही वाईट असेल, असं त्यांच्या मनात तरी कसं यावं?

शहात्तर साल उजाडलं आणि मेंढ्या मरू लागल्या. दीड महिन्यात अकरा गेल्या. शेवटी दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी मेलेल्या मेंढीचं काळीज, म्हणजे यकृत, कापून दाखवलं. आत पानासारखे चपटे जंत वळवळत होते. काठावरच्या बारक्या गोगलगायींतून हे जंत गवतावर येतात आणि गवताबरोबर पोटात जातात, असं त्यांनी समजावलं. काठावर मेंढरू सोडायचं नाही आणि जे चरलं असेल त्याला औषध पाजायचं. नुकतंच चरलेलं असेल तर अडीच महिन्यांनी पाजायचं, कारण जंत मोठे झाल्याशिवाय औषध त्यांना लागू पडत नाही. एवढं बजावून ते गेले.

हे कळून पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच जमिनीला गिऱ्हाईक आलं.

सिद्रामप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांना बांध दिसेनासा झाला होता. एकुलती एक लेक दाक्षायणी कुंभारीला दिलेली, ती दोघांना आपल्याकडे बोलावत होती. म्हणून जमीन विकायची होती. घेणारा बिरप्पा मेंढपाळ होता. ऐंशी मेंढरं, एक घोडं आणि बायको निंगव्वा, एवढाच त्याचा संसार. जन्मभर दुसऱ्याच्या रानात तळ टाकलेल्या त्या माणसाला हक्काचं चार एकर हवं होतं, आणि तेही त्या गवतासाठीच.

आता एक गोष्ट नीट ऐका. हा रोग झालेल्या मेंढीच्या गळ्याखाली पाणी उतरतं. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर तिन्हीसांजेला तिथे पिशवी लोंबते. रात्रभर वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मान वर करून बसली, की सकाळी ती पिशवी जवळजवळ नाहीशी होते. सिद्रामप्पांना हे ठाऊक होतं. त्यांनी बिरप्पाला जमीन आणि तिथे चरणाऱ्या मेंढ्या बघायला सकाळी बोलावलं.

बिरप्पाने उभ्याउभ्या मेंढ्या पाहिल्या. पापणी उलटी करून आतला फिका रंग पाहिला असता, तर त्याला सगळं कळलं असतं. पण त्याला मेंढ्या विकत घ्यायच्या नव्हत्या. ज्याच्या दारात चहा प्यालो त्याच्या जनावराची पापणी उलटायची म्हणजे त्याला खोटं ठरवायचं, असं मेंढपाळ मानतात. त्याने हात मागे घेतला. सिद्रामप्पा खूश झाले आणि म्हणाले, आता जमीन तुमचीच होणार, कागद होईपर्यंत मेंढरं इथेच बसवा. गुरुवारी मंगळवेढ्याला जाऊन खरेदीखत करायचं ठरलं. तो दिवस सोमवार होता.

दुपारी बिरप्पाची ऐंशी मेंढरं काठावर उतरली. सावित्रम्मा दारात उभी राहून बघत होती. मी तिच्या हातात होतो आणि तिची बोटं माझ्याभोवती आवळत चालली होती. आमच्या मेंढ्या सिद्रामप्पांनी गड्याबरोबर माळापलीकडे पाठवल्या होत्या, अंधार पडल्यावरच परत आणायच्या म्हणून.

ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, त्यास्नी सांगा की. निदान मेंढरं तरी काठावरनं काडा म्हना."

"काडा म्हनलं तर का म्हनून इचारतील," सिद्रामप्पा म्हणाले. "रोगाचं नाव निगालं की ही जमीन कोन घेतंय? मला आता वरंबा दिसत न्हाय, सावित्री."

खोटं बोलणारा माणूस तो नव्हता, मित्रांनो. तो घाबरला होता. पण ऐंशी मेंढरांना त्याचं काय! ती चरत होती.

मंगळवारी सावित्रम्मा विहिरीवर निंगव्वाशी दोनदा बोलायला गेली आणि दोन्ही वेळा पाण्याच्या गोष्टी करून परत आली. मला तिचा राग आला. बुधवारी ती परसात आमच्या एका अशक्त मेंढीला औषध पाजत होती. इतक्यात ताक मागायला निंगव्वा थेट मागच्या दाराने आली. सावित्रम्माने मला पदराखाली लपवलं. कसलं औषध, असं निंगव्वाने विचारलं. उगंच, अपचनाचं, असं हिने सांगितलं. माझ्यातलं उरलेलं औषध तिच्या लुगड्यावर सांडत होतं. मला पदराखाली लपावं लागलं ते जन्मात तेवढं एकदाच. मी मेल्याहून मेलो.

गुरुवारी सकाळी नऊच्या एसटीसाठी सगळे फाट्यावर उभे होते. बिरप्पाने नवा पटका बांधला होता. निंगव्वा निरोप द्यायला आली होती. मी सावित्रम्माच्या हातात होतो, तशीच ती घरातून निघाली होती. धूळ उडवत एसटी आली. बिरप्पाने पायरीवर पाय ठेवला, आणि सावित्रम्माने पुढे होऊन दाराचा दांडा धरला.

"दादा, आज जाऊ नगा," ती म्हणाली. "आमची मेंढरं तुमी सकाळी बगितली. ती दिवस कलल्यावर बगा, मग कागद करा."

बिरप्पाने सिद्रामप्पांकडे पाहिलं. सिद्रामप्पा खाली बघत होते. कंडक्टरने घंटी मारली आणि एसटी त्यांच्याशिवाय गेली.

संध्याकाळी आमच्या मेंढ्या उजेड असतानाच घरी आणल्या. प्रत्येकीच्या गळ्याखाली पिशवी लोंबत होती. बिरप्पा गुडघ्यावर बसला. त्याने एकीची पापणी उलटली. आत रक्ताचा टिपूसही नव्हता. तो ओरडला नाही. हे काठाच्या गवताने झालं का, एवढंच त्याने विचारलं. सावित्रम्माने डॉक्टरांचं सगळं म्हणणं सांगितलं, अडीच महिन्यांचंही सांगितलं. पण तो ऐकत होता की नाही, कोण जाणे. निंगव्वा तिच्याकडे न बघता वाघर गुंडाळत होती. दिवस मावळायच्या आत तळ उठला.

घरात सिद्रामप्पा आठ दिवस बायकोशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी ते स्वतः चाचपडत गेले आणि गड्याला हाताशी घेऊन काठाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालून आले. पुढे वर्षभराने जमीन विकली गेली, रोगाची गोष्ट सांगून आणि कमी भावात.

सावित्रम्मा मात्र दिवस मोजत होती. अडीच महिने होत आले, तशी ती मंगळवेढ्याच्या बाजारात भेटेल त्या मेंढपाळाला बिरप्पाचा तळ विचारू लागली. करकंबच्या रानात आहे, असं कळलं. औषधाचा डबा आणि मी, असे तिच्या पिशवीत बसून आम्ही एसटीने निघालो.

तळावर निंगव्वा एकटीच होती. मेंढरांकडे बघूनच मला कळलं. नऊ गेली होती आणि उरलेल्यांच्या गळ्याखाली पाणी उतरलं होतं.

सावित्रम्मा म्हणाली, "तीन दिस मी गप बसले, निंगव्वा. मला म्हाईत हुतं."

 निंगव्वाने जवळची मेंढी ओढली, गुडघ्यांत धरली आणि तिचं तोंड उघडलं.

"पाजा, अक्का," ती म्हणाली.

दिवसभरात मी एकाहत्तर तोंडांत गेलो. एकेक हिरडी कागदासारखी पांढरी होती. पंधरवड्याने परत गेलो, तेव्हा त्या गुलाबी व्हायला लागल्या होत्या. एकाहत्तरच्या एकाहत्तर जगल्या. निंगव्वाने आम्हाला भाकरी खाऊ घातली, पण नऊ मेंढरांचा विषय तिने काढला नाही आणि सावित्रम्मालाही तो काढवला नाही.

मित्रांनो, आता मी चिरलो आहे आणि माझ्यात थेंबभर औषध राहत नाही. जनावरांना वेळच्या वेळी औषध पाजा, त्यांना बोलता येत नाही. मलाही येत नव्हतं. मला सोमवारीच सगळं ठाऊक होतं, आणि मी लाकूड होतो. तुम्ही लाकूड नाही. तुम्हाला कळेल ते सोमवारीच सांगा.