माळ्यातल्या भेगा बुजवणारी थापी

मित्रांनो, माझं अंग बाभळीचं, पाठ सपाट आणि मूठ एका हातात मावेल एवढी. गवंडी जिच्यानं ओली माती ठोकून बसवतात, ती थापी मी. आता माझी एक कड तुटलेली आहे आणि अंगावर बारीक चिरा पडल्या आहेत. तरी मला कुणी हातात घेतलं, तर माझं काम मी अजून विसरलेली नाही.

माझा जन्म भूम तालुक्यातल्या ईट गावचा. तेव्हा आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. ओढ्याकाठची एक बाभूळ वादळात पडली. धोंडीबा सुताराने तिचं खोड वर्षभर सावलीत वाळवलं, मग तासून मला घडवलं आणि करडईच्या तेलात दोन दिवस बुडवून ठेवलं. मूठ त्याने मुद्दाम बारीक केली. रामकिसन गवंड्याचा हात लहान होता आणि मी त्याच्यासाठीच होते.

रामकिसनबरोबर मी कितीतरी घरांची माळवदं बसवली. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली लाकडाचे सर, म्हणजे तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर कडुलिंबाचा पाला आणि त्यावर हातभर पांढरी माती. ती माती मी ठोकायची. रामकिसनची बायको सखूबाई खालून पाट्या वाहून आणायची. पुढे पाच दिवसांच्या तापाने रामकिसन गेला. तेरावा झाल्यावर सखूबाईने मला कोनाड्यातून काढलं आणि ती कामावर निघाली.

शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "सखू, बाईमाणसानं थापी धरायची न्हाय. लोक नावं ठेवतील."

"मामा, वीस वर्सं हे हात मातीतच हायत," सखूबाई म्हणाली. "थापी धरली म्हणून माती काय बाटत न्हाय."

तिला मोठी कामं कुणी दिली नाहीत. भिंतीची डागडुजी, चुलीचा ओटा, गळणारा कोपरा, एवढंच मिळायचं. पण त्यातूनच मित्रांनो, ती एक गोष्ट शिकली. भेग कुठून सुरू होते आणि कुठं जाते, हे तिला बोटांनी कळायला लागलं.

आता मी तुम्हाला माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम सांगते. निजामाची राजवट संपायला दोन वर्षं उरली होती, अर्थात हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. गावात बंडप्पांचं किराणा दुकान होतं. घरात बंडप्पा, त्यांची बायको चन्नम्मा, मुलगा मल्लिकार्जुन आणि सून शरणम्मा. शरणम्मा उमरग्याकडची, घरात कानडी बोलत वाढलेली. तिला आई नव्हती, म्हणून तिची बाळंतपणं सासरीच झाली. दोन झाली होती आणि दोन्ही लेकरं थंडीच्या दिवसांत, महिन्याच्या आत गेली होती. गावातल्या बायका तिच्यासमोर गप्प बसायच्या आणि ती पुढे गेली की कुजबुजायच्या. सासू तिला पांढऱ्या पायाची म्हणायची. शरणम्मा उलटून बोलत नसे.

तिसऱ्या खेपेला पौषात मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या आधी. मूल एवढंसं होतं, की सुईणीच्या दोन ओंजळींत मावलं. बाळंतिणीच्या खोलीतल्या चुलीचा ओटा खचला होता, म्हणून चौथ्या दिवशी सकाळी सखूबाईला बोलावलं. मी तिच्या पाटीत होते. आम्ही आत गेलो तेव्हा शरणम्मा बाळाच्या डोक्यावर आपला हात छत्रीसारखा धरून बसली होती.

"हात दुखत न्हाय का बाई तुमचा?" सखूबाईने विचारलं.

"वरनं वारं पडतं," शरणम्मा हळूच म्हणाली. "दोघांच्या वेळीबी पडत होतं. अव्वांना सांगितलं होतं म्या."

सासूला ती अव्वा म्हणायची, आणि चन्नम्मा दारातच उभी होती. ती म्हणाली, "दार लावलंय, खिडकी न्हाय. वारं कुठनं येईल? ही आपलं खापर घरावर फोडती."

 सखूबाईने देवघरातली पणती मागून घेतली, दार लावायला सांगितलं आणि पेटती पणती बाजेवर धरली. खोलीत कुणी हालत नव्हतं. तरी ज्योत ताठ राहीना. ती वाकायची, सरळ व्हायची, पुन्हा वाकायची. दाराजवळ मात्र तीच ज्योत शांत जळत होती. मग सखूबाईने पणती छताच्या फळ्यांजवळ नेली. दोन फळ्यांमधली एक फट आली आणि पणती विझली.

चन्नम्मा त्या विझलेल्या वातीकडे बघत राहिली.

त्या खोलीला वर माळा होता. माळ्यावर कडबा, गोवऱ्या आणि जुनी मडकी. सखूबाई शिडीने वर चढली. मीही तिच्या कमरेला होते, म्हणून मी ते सगळं पाहिलं. माळवदाचे सर भिंतीत जिथं शिरतात, तिथं चारही बाजूंनी बोट जाईल एवढ्या फटी होत्या. बालाघाट डोंगराच्या माथ्यावरून येणारं वारं त्यातून आत शिरत होतं, माळ्यावर साचत होतं आणि फळ्यांच्या फटींतून, खांबाच्या बाजूनं, उंदरांच्या बिळांतून खाली खोलीत उतरत होतं. माळ्याचं तोंड तर उघडंच होतं. त्याला झाकणच नव्हतं. खाली निखारे ठेवून खोली कितीही ऊब धरो, ती ऊब त्याच वाटेने वर निघून जायची.

शिडीखाली येऊन उभे राहिलेले बंडप्पा म्हणाले, "सखू, बाप-आज्यानं याच घरात दिवस काढले. लेकरं जगनं मरनं शिवाच्या हाती."

"व्हय अण्णा," सखूबाई म्हणाली. "पन भोकं बुजवनं आपल्या हाती हाय."

मल्लिकार्जुन इतका वेळ कोपऱ्यात उभा होता. त्याने सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि तो माळ्यावरचा कडबा खाली काढू लागला. वडिलांना त्याने विचारलं नाही.

तीन दिवस काम चाललं. बाळंतिणीला आणि बाळाला तेवढे दिवस स्वयंपाकघराच्या आतल्या कोपऱ्यात हलवलं. सखूबाईच्या घरी भुसा घालून कुजवलेला चिखल तयार होता, तो तिने आणला. आधी फटींत चिंध्या ठासल्या. बिळांत मडक्यांच्या खापऱ्या कोंबल्या, म्हणजे उंदीर पुन्हा कोरणार नाहीत. मग माळ्याच्या फळ्यांवर लिंबाचा पाला पसरून वर चिखल घातला आणि मी कामाला लागले. जोरात ठोकलं तर फळी हलून नवी फट पडते. म्हणून सखूबाई मला अगदी हलक्या हाताने चालवत होती, जणू लेकराला थोपटत होती. माळ्याच्या तोंडाला धोंडीबाने फळीचं झाकण केलं आणि त्याच्या कडेला घोंगडीची पट्टी ठोकली. पुन्हा पणती लावली. ज्योत ताठ राहिली.

फक्त एका जागी ती अजून वाकत होती. भिंतीत वर, छताजवळ, धूर जायला एक वीतभर सवणं होतं. मित्रांनो, इथे सखूबाईची चूक झाली. काम इतकं नीट जमलं होतं, की तिला एवढंसंही भोक खुपलं. तिने तेही लिंपून टाकलं. आणि ठोकून घट्ट कुणी केलं? मीच.

बाळंतीण आणि बाळ त्या खोलीत परत आली. दोन दिवसांनी सकाळी लिंपण कुठं तडकलं का ते बघायला सखूबाई आली. चन्नम्मा गोठ्यात होती. खोलीचं दार नुसतं ओढलेलं होतं, ते ढकलून सखूबाई आत शिरली. बाजेखाली नेहमीसारखी शेगडी ठेवली होती आणि कोळसे लालभडक होते. खोली छान उबदार होती. पण शरणम्मा भिंतीला टेकून बसली होती, मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धे उघडे. सखूबाईने हाक मारली तर तिला ओठ हलवता आले नाहीत. बाळाचा हात दुपट्याबाहेर लोंबत होता.

सखूबाईने दार सताड उघडून टाकलं, बाळाला उचललं आणि अंगणात उन्हात नेऊन गोठ्यातून धावत आलेल्या चन्नम्माच्या ओटीत दिलं. परत आत येऊन शरणम्माला काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं. गलका ऐकून आलेल्या मल्लिकार्जुनने शेगडी उचलून बाहेर नेली. मग सखूबाई मला घेऊन खाटेवर चढली आणि आपणच लिंपलेलं सवणं फोडू लागली. चिखल वाळून दगड झाला होता. तिने मला चौथ्यांदा आपटलं तेव्हा माझी कड तुटली आणि त्याच घावाला भिंतीतून उजेड आत आला.

बाहेर बाळ रडलं. फार बारीक रडलं, पण रडलं. थोड्या वेळाने शरणम्माने भडभडून ओकारी काढली आणि पाणी मागितलं.

चन्नम्माने बाळाला छातीशी धरलं. ती म्हणाली, "सखू, तुझ्या हातानं दोघीबी गेल्या असत्या."

"व्हय आक्का," सखूबाई म्हणाली. "चूक माझीच. कोळशाची घाण जायला वाट लागती, ती म्याच बुजवली. मला हाकलून द्या, पन सवणं उघडं ठिवा आन् शेगडी बाहेरच ठिवा."

मला वाटलं, आता या घरात आमचं पाऊल पडणार नाही. पण शरणम्मा अंगणातून म्हणाली, "अव्वा, त्यांना हाकलू नका. खोलीत वारं न्हाय आता. कालच्या रातीसारखी झोप मला तीन बाळंतपणांत लागली न्हाय."

चन्नम्माने सुनेकडे बघितलं. मग तिने सखूबाईला चहा करायला सांगितलं, आपल्याच चुलीवर. परक्या जातीच्या बाईने घरच्या चुलीला हात लावायचा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

सवणं मोकळं ठेवून त्यावर आडवं कौल बसवलं, म्हणजे धूर जाईल पण वारं थेट आत उतरणार नाही. निखारे बाहेरच फुलवायचे, त्यावर विटा तापवायच्या आणि त्या विटा फडक्यात गुंडाळून बाजेवर ठेवायच्या, असं ठरलं. त्या पौषात पुढचे आठ दिवस असे गारठ्याचे गेले, की रांजणातल्या पाण्यात हात घालवत नव्हता. सखूबाई रोज सकाळी येऊन बाळाच्या पावलांना हात लावून बघायची. पावलं गरम असायची. सव्वा महिना झाला. मग दोन महिने झाले. बाळाचं नाव इरम्मा ठेवलं.

आधीची दोन लेकरं थंडीनंच गेली, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. मी लाकडाची, मला तेवढं कळत नाही. पण चन्नम्माला जे कळायचं ते कळलं. एके दिवशी आडावर पाणी भरायला दहा-बारा बायका होत्या. सखूबाई तिथं चिखलाचं भांडं धूत होती आणि मी तिच्या शेजारी कठड्यावर पडले होते. कुणीतरी म्हणालं, "आक्का, तुमच्या सुनेचं नशीब फिरलं म्हनायचं."

चन्नम्माने घागर खाली ठेवली. "नशीब न्हाय," ती म्हणाली. "माझ्या घराला भोकं होती. पोर पहिल्यापासनं सांगत होती आन् म्या ऐकलं न्हाय. तिचे पाय चांगले हायत. माझे कान बंद होते."

 चन्नम्माने घागर उचलली आणि ती घरी गेली.

त्यानंतर दरवर्षी दिवाळी झाली की ईटच्या बायका सखूबाईला बोलवायच्या. त्यांच्या माळ्यांवर आम्ही चढलो, पणती फिरवली, फटी बुजवल्या आणि प्रत्येक घरात सवणं आधी तपासलं. रझाकारांच्या धामधुमीत सखूबाई बार्शीला गेली तेव्हाही तिने मला लुगड्यात गुंडाळून नेलं. मग हळूहळू सिमेंटची घरं आली. सखूबाई थकली आणि गेली. मला गळक्या लोखंडी पत्र्याच्या शेडमध्ये टाकलं गेलं. तिथं माझ्यावरून पावसाळे गेले. एकदा कुणीतरी मला चुलीत घालायला उचललं, पण ओली आहे म्हणून परत फेकून दिलं.

मला जळायचं भय नाही मित्रांनो. वाईट एवढंच वाटतं, की कडाक्याच्या थंडीतही लोक छताकडे मान वर करून बघत नाहीत. तुम्ही बघा. हिवाळा लागायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसांना बरोबर घ्या, माळ्यावरचं वाळलेलं जळण आधी खाली काढा आणि ज्योत कुठं वाकते ते शोधा. तिथल्या फटी बुजवा. जिथून धूर जातो ती वाट कधीच बुजवू नका. आणि घरात कुणी हळू आवाजात म्हणालं की इथून गार वारं येतंय, तर त्या माणसाला खोटं पाडू नका. उठून त्याच्या जागेवर जाऊन बसा आणि तिथं हात धरून बघा.