सर्वाधिक पंट

गुरुनाथ हा माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, आणि माणूस म्हणून तो वाईट नाही असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे ज्यांना त्याच्या घरात राहावं लागत नाही ते. न्यू जर्सीतल्या एका औषधकंपनीत तो डेटाचं काम करतो, वेस्ट विंडसरला त्याचं भलंथोरलं घर आहे, आणि जगातली कुठलीही गोष्ट कितव्या नंबरवर आहे हे कळल्याशिवाय ती त्याला दिसतच नाही. शाळा कितवी, दातांचा डॉक्टर कितवा, डोशाचं हॉटेल कितवं. शुभाला बघायला आला तेव्हाही त्याने तिला बोर्डात कितवी आलीस ते विचारलं होतं. मी तेव्हाच आईला म्हटलं होतं की हे स्थळ नको, पण धाकटीच्या लग्नात मोठीचं कोण ऐकतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा ऋषी कशातच नंबरात आला नाही. स्पेलिंगच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत गळला, गणिताच्या क्लासमधून पळून आला, व्हायोलिन विकून टाकलं. आमच्या मराठी मंडळात दर वर्षी मुलांचा गुणगौरव होतो. शाल, श्रीफळ, फोटो, आणि मग वर्षभर आईबापांनी तो फोटो फिरवायचा. हा सोहळा म्हणजे निव्वळ गुरांचा बाजार आहे, फक्त दावणीला मुलं बांधलेली असतात. गुरुनाथ पहिल्या रांगेत बसून दुसऱ्यांच्या मुलांसाठी टाळ्या वाजवायचा आणि घरी आला की ऋषीशी धड बोलायचा नाही.

पुढे ऋषी पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजात गेला आणि तिथल्या फुटबॉलच्या टीममध्ये पंटर झाला. इथे फुटबॉल म्हणजे तो अमेरिकन, बॉल हातात घेऊन धावायचा. पंटर काय करतो ते मला तीन वर्षं थंडीत कुडकुडत बसल्यावर समजलं. टीमला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तीन वाया गेल्या की चौथ्या वेळी पंटर येतो आणि बॉल जमेल तितका लांब लाथाडून समोरच्यांच्या हवाली करतो. पंगतीत भाजी करपली की लोणचं वाढायला कोणाला तरी पुढे करतात, तसा. पंटर मैदानात आला याचा अर्थ आपल्या लोकांचं पुन्हा एकदा काही जमलेलं नाही.

ऋषी मात्र हे काम छान करायचा. बॉल असा उंच उडवायचा की शेजारची अमेरिकन बाई तोंडातला हॉट डॉग थांबवून वर बघायची. शुभा आणि मी घरच्या मैदानावरची एकही मॅच चुकवली नाही. गुरुनाथ एकदाही आला नाही. 'लाथा मारायला एवढी फी भरत नाही मी,' असं म्हणायचा, आणि मंडळात कोणी विचारलं तर 'ऋषी सायन्सला आहे' एवढंच सांगायचा. ऋषीला एकच हवं होतं. बापाने एकदा येऊन त्याला खेळताना बघावं. तो हे बोलायचा नाही, पण प्रत्येक मॅचआधी आम्हाला हात करताना त्याची नजर शुभाच्या शेजारच्या जागेवर जायची. तिथे आमचा चहाचा थर्मास असायचा.

या वर्षी, त्याच्या शेवटच्या वर्षी, टीमने कमालच केली. नोव्हेंबर उजाडला तरी एकही मॅच जिंकली नाही. साहजिकच ऋषीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आणि एके दिवशी गुरुनाथने कॉलेजच्या वेबसाइटवर वैयक्तिक विक्रमांचं पान उघडलं. कोणी सर्वात जास्त गोल केले, कोण सर्वात जास्त यार्ड धावला, असं सगळं तिथे होतं. त्यात एक ओळ होती: एका मोसमात सर्वाधिक पंट, एक्क्याऐंशी. चाळीसएक वर्षांपूर्वीच्या, इतक्याच रडक्या टीममधल्या कोणा पंटरच्या नावावर. ऋषीचे तोवर एकोणऐंशी झाले होते आणि एक मॅच बाकी होती.

झालं. ज्या मुलाला चार वर्षं सायन्सखाली झाकून ठेवलं होतं, तो रातोरात कुलदीपक झाला. गुरुनाथने मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की आपला ऋषी कॉलेजच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात ऑल टाइम नंबर वन होतोय. मंडळाचा अध्यक्ष नरेंद्र हा तर अशा बातमीसाठी टपलेलाच असतो. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं की मॅचच्याच संध्याकाळी हॉलवर ऋषीचा खास गुणगौरव होईल, आणि मॅचला आपलं ढोल-ताशा पथक जाईल.

मी गुरुनाथला जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि चमचे मांडून समजावलं. म्हटलं, अरे, हा विक्रम ऋषीचा नाही, टीमच्या नाकर्तेपणाचा आहे. पोरगा चांगला खेळतो हे खरं, पण ते या आकड्यात नाही. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. तो शांतपणे चमचे उचलून ठेवत म्हणाला, "मंजूताई, नंबर वन म्हणजे नंबर वन. कशात, ते कोण विचारतं?"

ऋषीला फोनवर कळलं. तो आईला म्हणाला, ढोल नको म्हणून सांग, मुलांना एक तरी मॅच जिंकायचीय. पण बाबा येतायत ना, हे त्याने दोनदा विचारून घेतलं. शुभाने ढोलाचं सांगितलं. गुरुनाथने ते ऐकलं आणि पथकाला भगव्या टीशर्टचे साइझ विचारायला गेला.

त्या शनिवारी कडक थंडी होती. गेटवरच्या बाईला वाटलं, हा कॉलेजचाच बँड आहे, तिने ढोल आत सोडले. आमच्या लोकांपैकी कोणालाही खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते समोसे खात ऋषी मैदानात यायची वाट बघत होते, म्हणजे स्वतःच्याच टीमचं कधी बिघडतं याची. टीमने तीन संधी घालवल्या, इतर आईबापांनी कपाळाला हात लावला आणि आमच्यात आनंदाची लाट उसळली. ऋषीने लाथ मारली, ढोल वाजले. पुढच्या रांगेतल्या खेळाडूंच्या आया वळून बघायला लागल्या. त्यांना वाटलं, हे समोरच्या टीमचे पाठीराखे आहेत. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. दुसऱ्या पंटला बरोबरी झाली, तेव्हा एका बाईने शुभाला सरळच विचारलं की तुमचा मुलगा नक्की कुठल्या बाजूने खेळतो. शुभाने मान खाली घातली.

मध्यंतराला थोडा वेळ उरला असताना ऋषी तिसऱ्यांदा आला. गुरुनाथ बाकावर उभा राहिला. ऋषीने बॉल उडवला आणि तो खूप लांब, खूप उंच गेला. त्याच क्षणी समोरच्या टीममधला एक रेड्यासारखा पोरगा येऊन ऋषीच्या टेकलेल्या पायावर आदळला. ऋषी पडला आणि उठला नाही. पंचाने पिवळा रुमाल फेकला, म्हणजे फ्लॅग, नियम मोडल्याची खूण. आमच्या बाजूला मात्र घोडं गंगेत न्हालं होतं. ढोल कडाडले, पेढे वाटले गेले, नरेंद्रने गुरुनाथला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. सगळं स्टेडियम चिडीचूप, मैदानात पोरगा पाय धरून पडलेला, त्याच्याभोवती ट्रेनर वाकलेले, आणि वर बाकावर त्याचा बाप दोन्ही हात वर करून नाचत होता. शुभाने त्याची बाही ओढली, ओरडून सांगितलं. त्याने खाली बघितलं. पाहिलं त्याने, मी शपथेवर सांगते. मग "उठेल तो" म्हणाला आणि पुन्हा नाचायला लागला.

ऋषी उठला, दोघांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत बाहेर गेला. आणि ज्या लाथेसाठी हा सगळा तमाशा चालला होता, ती रद्द झाली. लाथ मारून झाल्यावर पंटरला धडक द्यायची नाही असा नियमच आहे. दिली, तर ती लाथ धरत नाहीत आणि बॉल पुन्हा लाथ मारणाऱ्यांकडे येतो. तसा तो आमच्या टीमकडे आला आणि पोरांनी त्यावर गोल केला. पण ते बघायला आमची मंडळी जागेवर होती कुठे? ती ढोल आवरत होती. हॉल सजवायचा होता, केटररला वेळ दिली होती. मध्यंतराला गुरुनाथ पथकासह निघून गेला. मी फ्लॅगबद्दल सांगायला लागले, तर म्हणाला, ताई, संध्याकाळी बोलू.

त्यानंतरचा खेळ आम्ही दोघींनीच बघितला. टीमच्या अंगात काय संचारलं देवाला ठाऊक. एकदा बॉल हातातून निसटला, दोनदा चौथ्या संधीला ती बेधडक पुढे घुसली, पण पंट करायची वेळ काही आली नाही. शेवटच्या क्षणी टीम एका गुणाने मागे होती. गोलखांबांमधून बॉल मारायचा होता, आणि त्यासाठी कोणालातरी गुडघ्यावर बसून बॉल जमिनीवर उभा धरावा लागतो. टीममध्ये ते काम ऋषीचंच. तो पायाला भलंमोठं बँडेज बांधून लंगडत आला, बसला. पुढच्या पोराने मागे फेकलेला बॉल वेडावाकडा आला, जमिनीवर आपटला. ऋषीने तो एका हाताने झेलून नेमका उभा केला, दुसऱ्या पोराने मारला, आणि टीम वर्षातली पहिली मॅच जिंकली. सगळी पोरं मारणाऱ्याला सोडून आधी ऋषीवर जाऊन पडली. बॉल धरणाऱ्याचा रकाना त्या विक्रमांच्या पानावर नाही. मी घरी जाऊन मुद्दाम बघितलं.

ऋषीला माझ्या गाडीत घेतलं. एक्स-रे काढूया म्हटलं, तर म्हणाला, आधी हॉलवर जाऊ, बाबांना प्रॉमिस केलंय. पुढच्या सीटवर पायावर बर्फ धरून बसला होता. हायवेला लागल्यावर त्याने विचारलं, "मावशी, डिड बाबा सी मी गो डाउन?"

मी म्हटलं, त्यांना तो फ्लॅग वगैरे काही कळला नाही रे.

"आय डिडन्ट आस्क अबाउट द फ्लॅग," तो म्हणाला. मागे शुभा रडत होती, पण आवाज न करता. तिला सवय आहे.

हॉलमध्ये केकवर ब्याऐंशीचा आकडा होता. गुरुनाथने ऋषीला मिठी मारली. ऋषीने त्याच्या कानात सांगितलं की ती किक धरली नाही, रेकॉर्ड झालेला नाही, फक्त टाय आहे. गुरुनाथचा चेहरा मी बघत होते. आधी तो पडला, मग त्यावर हिशेब सुरू झाला. तो हळूच म्हणाला, "मग सेकंड हाफमध्ये एक तरी मारायचीस ना."

"गरज नाही पडली, बाबा. वी वन."

"ते ठीक आहे. आत्ता काही बोलू नकोस, लोक आलेत. वेबसाइट कोण बघतंय?"

तेवढ्यात नरेंद्रने ऋषीला स्टेजवर बोलावून हातात माइक दिला. पोरगा एका पायावर भार देऊन उभा राहिला आणि आपल्या तोडक्या मराठीत स्वच्छ म्हणाला, "थँक यू. मी रेकॉर्ड नाही केला. ती किक काउंट नाही झाली. पण आज आमची टीम जिंकली." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एकाने तरी ऐकलं असेल तर शपथ. गुरुनाथ पुढे झाला, माइक घेतला आणि हसत म्हणाला की आमचा ऋषी पहिल्यापासून मॉडेस्ट आहे. टाळ्या दुप्पट झाल्या. त्या गडबडीत ऋषी मागच्या पायऱ्यांनी उतरला, आणि नरेंद्रने हातातली शाल शेवटी विक्रमवीराच्या वडिलांच्या खांद्यांवर घातली. गुरुनाथने ती घालून घेतली. कॅमेऱ्याकडे बघून, नीट.

शुभा माझ्याजवळ आली आणि म्हणाली, गाडी काढ. इतक्या वर्षांत तिने मला असा हुकूम पहिल्यांदाच दिला असेल. आम्ही अर्जंट केअरच्या दवाखान्याच्या वाटेवर असताना गुरुनाथचा फोन आला. मी गाडीतलं बटण दाबलं, आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. कुठे आहात, म्हणाला, फॅमिली फोटो राहिलाय. मी सांगितलं, पाय खूप सुजलाय, एक्स-रेला नेतोय.

"कुठला पाय?" त्याने विचारलं. "किक मारतो तो?"

ऋषीनेच उत्तर दिलं, "नो, बाबा. द अदर वन."

"मग ठीक आहे," गुरुनाथ म्हणाला.

शुभाने मागून हात लांब करून फोन बंद केला. बरंच अंतर गेल्यावर ऋषीने तिला विचारलं, आज मी मावशीकडे झोपलो तर चालेल का.

"मी पण तिथेच झोपणार आहे," शुभा म्हणाली.