फुगा सोडा

सख्खा दीर तिला एकच होता, पण वहिनी तिला अख्खी कचेरी म्हणायची. तो नोकरीला लागला तेव्हा पहिल्याच दिवशी भर व्हरांड्यात ओरडला होता, "वहिनी, माझं टेबल कुठलं?" तेव्हापासून रखवालदारापासून साहेबांपर्यंत ती सगळ्यांचीच वहिनी झाली, आणि तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत राहिलं.

कचेरी होती रुग्णवाहिका बोलावायच्या फोनची. खालच्या मजल्यावर फोनची खोली, वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी वहिनीची सर्व्हरची खोली. खाली फोन वाजला की पत्ता पडद्यावर उमटायचा, जवळची गाडी नकाशावर दिसायची आणि फोनवरची बाई हेडफोनमधून चालकाला रस्ता सांगायची. हा सगळा कारभार ज्या मशीनवर चालायचा ते हाताला लागणारं नव्हतंच. लोखंडी सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभं केलेलं ते आभासी मशीन. ते ठणठणीत होतं. सर्व्हरचा मात्र दोनांतला एक पंखा मेला होता आणि दुसरा दम्याच्या पेशंटसारखा कण्हत होता. नवा सर्व्हर शेजारी येऊन बसला होता. मशीन आजच त्याच्यात हलवायला हवं होतं.

"तासभर बंद ठेवा आणि हलवा की," साहेब म्हणाले होते. आयुष्यात एकदाही रुग्णवाहिका बोलवावी न लागलेला माणूस असंच बोलतो.

"त्या तासात ज्याची छाती दुखेल त्याला काय सांगू? जरा थांबून दुखू दे म्हणून?" वहिनीनं विचारलं. "चालू मशीन हलवते. एकही फोन तुटणार नाही."

"एक जरी तुटला ना वहिनी, तर हे सगळं बाहेरच्या कंपनीकडे देऊन टाकीन. तुम्ही बसा मग फायलींना दोरे बांधत."

सतरा वर्षं तिनं ती खोली सांभाळली होती. कुठली पदवी नव्हती, पुस्तकं उधार आणून आणि हात भाजून घेऊन ती शिकली होती. फायलींचे दोरे तिच्या डोळ्यांसमोर दोन दिवस लोंबत होते.

खालच्या खोलीच्या प्रमुख मेट्रनबाई. नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन इथे आलेल्या, आवाज असा की भिंतीनंही सावध उभं राहावं. हलवायच्या दिवशी सकाळी त्यांनी वहिनीला अडवलं.

"मला समजेल असं सांग. चालू मशीन हलवायचं म्हणजे काय करणार?"

"पेशंट एका पलंगावरून दुसऱ्यावर घ्यायचा, पण सलाइन न काढता. मशीनच्या आठवणीत जे काही आहे ते पानापानानं नव्या सर्व्हरवर उतरवायचं. उतरवताना जी पानं बदलतात ती पुन्हा उतरवायची. शेवटी चारदोन पानं उरली की क्षणभर श्वास रोखायचा आणि मशीन पलीकडे जागं करायचं."

"आणि पेशंट मध्येच जाडा झाला तर?"

वहिनी हसली. "तेवढंच नको. नवा पलंग मी मापानं मांडलाय. बत्तीस जीबी. मध्येच कोणी माप बदललं तर माझी सगळी मोजणी गेली."

"जाडा करणारं कोणी आहे का इथे?"

"आहे एक. तुमच्या खोलीत बसणार आहे."

तो एक म्हणजे दीर. फोनच्या प्रोग्रामचं काम त्याच्याकडे. माणूस कष्टाळू, मनानं चांगला, पण मदत करायची त्याला भारी खाज. घरी त्यानं दुरुस्त केलेला मिक्सर अजून फक्त उलटा फिरतो.

"भाऊजी, तुम्ही खाली बसा, नुसतं बघा. कशाला हात लावू नका."

"म्हणजे शोभेला बसू?"

"शोभेला बसायला शोभा लागते. तुम्ही नुसते बसा."

अकरा वाजता तिनं काम सुरू केलं. पानं उतरू लागली. चाळीस टक्के, साठ टक्के. जुन्या सर्व्हरचं तापमान ब्याऐंशी. पंचाण्णवला तो स्वतःहून बंद पडणार, म्हणजे मशीनही पडणार, हे तिला ठाऊक होतं. ऐंशी टक्क्यांवर पोचल्यावर उरलेला आकडा कमी व्हायचा थांबला. शिवाय मशीनमधली मोकळी जागा झपाझप आटताना दिसली.

तिनं खाली फोन लावला. "भाऊजी, फुग्याला हात लावलात?"

"थोडासा फुगवला. बारा जीबी. नकाशा जरा हळू हलत होता, म्हटलं जागा द्यावी बिचाऱ्याला."

वहिनीनं डोळे मिटले. फुगा हे त्या खोलीतलं जुनं नाव. मशीनच्या आत एक छोटा प्रोग्राम असतो. तो फुगला की मशीनची जागा व्यापतो आणि ती जागा बाहेर सर्व्हरला परत मिळते. म्हणजे फुगा फुगवला की मशीन आक्रसतं. दिराला वाटलं, फुगवलं म्हणजे मोठं केलं. जगात कुणालाही तसंच वाटेल, पण जगात कुणाच्याही हातात तो फुगा नसतो.

"भाऊजी, सोडा तो फुगा. आत्ताच्या आत्ता."

"बरं. सोडला."

ती वाट बघत बसली. एक मिनिट, दोन मिनिटं. जागा काही परत येईना. मशीन आठवणीत मावेनासं झालेलं डिस्कवर लिहीत सुटलं होतं. फुगा आतच अडकला असणार, असं धरून ती आतल्या नोंदी चाळू लागली. काही सापडेना. तापमान सत्याऐंशी. खालून मेट्रनबाईंचा फोन आला.

"पत्ते उशिरा उमटताहेत. माझ्या पोरी कागदावर लिहून घेताहेत. अजून कोणी तुटलं नाही. पण किती वेळ?"

वहिनी जिना उतरली, उतरली कसली, घरंगळलीच. दीर लॅपटॉपपुढे हाताची घडी घालून बसला होता, शेजारी चहा.

"फुगा सोडलात ना?"

"मग? बघा, हातसुद्धा लावलेला नाही तेव्हापासून."

ती पडद्यावर वाकली. फुगा बाराच्या बारा जीबी तट्ट फुगलेला.

"अहो, सोडा म्हणजे हवा सोडा."

"तुम्ही म्हणालात सोडा. घरी बरणीचं झाकण काढायला गेलो की म्हणता, सोडा हो भाऊजी, तुम्हाला नाही जमायचं. मी सोडतो. इथेही सोडला. गेली पंधरा वर्षं त्या शब्दाला मी हात बाजूला घेतोय."

मेट्रनबाईंना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात घालवलं. माणूस खरं बोलत होता.

"हवा काढा," ती एकेक अक्षर सुटं करून म्हणाली. "हळूहळू. दोन दोन जीबी."

त्यानं काढली. नकाशा हलला. पत्ते वेळेवर उमटू लागले आणि हेडफोनवाल्या बायकांनी कागद बाजूला सारले. पण वहिनीचा जीव अजून भांड्यात पडायचा होता. तिच्या फोनवर उरलेला आकडा दिसत होता. जागा मोकळी झाल्याबरोबर मशीननं तिच्यात भराभर लिहायला घेतलं होतं. उतरवायची पानं सहा जीबीवरून चौदा जीबीवर गेली. एकोणनव्वद अंश.

"आता मिनिटभर मशीन थांबवा," दीर म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "थांबलं की पानं बदलणार नाहीत. मिनिटात सगळं पलीकडे."

पलीकडच्या टेबलावरची बाई फोनवर बोलत होती. "आजोबांना बसतं करा. हो, उशी लावा पाठीला. गाडी निघालीय. फोन ठेवू नका, मी आहे."

वहिनीनं तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. थांबवायचं नाही. लिहिणं कमी करायला हवं. फोनवाल्या लिहिणार, गाड्या लिहिणार, त्यांना हात लावता येत नाही. मग आणखी कोण लिहितंय?

तिनं नजर वर केली. दारासमोरच्या भिंतीवर साहेबांनी पाहुण्यांसाठी लावलेला मोठा पडदा होता. सगळ्या गाड्या, सगळे रस्ते, वर फिरणारा पृथ्वीचा गोळा. दर सेकंदाला नवं चित्र, मशीनच्या आठवणीत पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा रंगवलेलं. खोलीतली एकही बाई तिकडे बघत नसे. आलेले पाहुणे मात्र त्याच्यापुढे फोटो काढायचे.

"भाऊजी, हा गोळा बंद करायचा. प्रोग्राममधून. नुसता टीव्ही नाही, त्याला चित्र पुरवणारं सगळं."

"साहेब मला फाडून खातील."

"खाऊ देत. अंगावर मांस आहे तुमच्या."

दिरानं कळा दाबल्या. भिंत काळी झाली. वहिनी जिना चढून वर गेली, खोलीचं दार सताड उघडून टेबलफॅन ओढून तिनं जुन्या सर्व्हरच्या तोंडाशी लावला. आकडा उतरू लागला. अकरा. सात. तापमान ब्याण्णव. चार. त्र्याण्णव. दीड. पॉइंट तीन. सॉफ्टवेअरनं स्वतःच ठरवलं, आता श्वास रोखायला हरकत नाही. अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ गेला. जुन्या सर्व्हरवरचं मशीन दिसेनासं झालं आणि नव्या सर्व्हरचा दिवा लुकलुकू लागला.

ती खाली धावली. टेबलावरची बाई अजून बोलत होती. "आली का गाडी दारात? हां, दार उघडा. आता ठेवा फोन."

"मध्ये काही जाणवलं?" वहिनीनं विचारलं.

"आजोबांचा श्वास मध्येच अडकला तेव्हा माझाही थांबला होता. दुसरं काय जाणवायचं?"

तेवढ्यात साहेब दारात आले, सोबत दोन पाहुणे. काळ्या भिंतीकडे बघून त्यांनी लांब उसासा टाकला, आणि त्या उसाशात पुष्कळसं समाधान होतं. "पडलं शेवटी बंद. म्हटलं नव्हतं मी, वहिनी?"

वहिनी बोलायला गेली, पण दीर उठून उभा राहिला. "गोळा मी बंद केला, साहेब. आणि त्याआधी फुगा फुगवला तोही मीच. वहिनींनी मशीन हलवलं. तुमच्या डोळ्यांदेखत चालू आहे."

"चालू आहे? मग इथे तर काहीच दिसत नाही."

फोन वाजला. पलीकडच्या बाईनं उचलला. पत्ता पडद्यावर उमटला.

"दिसायचं ते तिच्यासमोर दिसतंय," मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि साहेब, पाहुण्यांना घेऊन बाहेर व्हा. पोरीला ऐकू येत नाहीये."