खोकल्यासकट

"खोकला जरा जास्तच झाला हं तुझा," माझा भाऊ हेक्टर म्हणाला. "एवढा काय मी मरायला टेकलोय?"

"टेपवर अस्साच आहे, मी काय करू?" मोरॅग म्हणाली.

आमच्या स्वयंपाकघरात टेबलापाशी उभी राहून ती हेक्टर झाली होती. एक खांदा तसाच पडलेला, वाक्याच्या मधेच तसाच दम लागलेला. चाळीसेक वर्षं तिचा हाच उद्योग. माणसांना बोलतं करायचं, त्यांचेच शब्द उतरवून घ्यायचे आणि रंगमंचावर खोकल्यासकट म्हणायचे. टोरांटोत तिचं नाव झालं. आता आमची कोळशाची खाण बंद पडली, तेव्हा बाईंना केप ब्रेटन बेटावरचं आपलं गाव आठवलं. नेम मात्र कडक. ज्याचे शब्द, त्याच्या घरी जाऊन आधी त्याला ऐकवायचे. तो नको म्हणाला तर गाळायचे.

खाणीतल्या स्फोटाचं म्हणून झालं, संपाचं झालं. मग हेक्टरच्याच आवाजात ती शेवटच्या उताऱ्यावर आली.

"ती नाटक शिकायला गेली. शनिवारी येईन म्हणाली होती. खाणीतली पाळी सुटली की मी तसाच कोळशानं माखलेल्या तोंडानं बसथांब्यावर जायचो. लोक हसायला लागले, तेव्हा घरात बसायला लागलो. पण कान तिकडेच."

चहा ओतता ओतता माझा हात थांबला. ती मुलगी कोण, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. टेप चालू असताना समोर कोण बसलंय हे हेक्टर विसरला असेल? मला नाही वाटत.

"हे काढ," तो म्हणाला.

मोरॅगचा चेहरा उतरला. "अरे, नाटक यावरच संपतं. शुक्रवारी पहिला प्रयोग आहे. खोटं आहे का हे?"

"खरं आहे म्हणूनच काढ. गावाचं हसून झालंय एकदा."

हेक्टरला असं ताटकळत ठेवलं म्हणून मला इतकी वर्षं मोरॅगचा राग होता. वाटलं, आता घालेल वाद. पण तिनं मुकाट्यानं पेन्सिल घेतली आणि सबंध उताऱ्यावर रेघ मारली. जड गेलं तिला, दिसत होतं. ती कागद आवरायला लागली.

"थांब," हेक्टर म्हणाला. "टाकायच्या आधी एकदा वाच. माझा आवाज नको काढूस. तुझ्या आवाजात वाच."

मोरॅग खुर्चीवर बसली. पहिली दोन वाक्यं कशीबशी वाचली. तिसऱ्यावर अडली. अख्ख्या गावाचे आवाज हुबेहूब काढणारी बाई, नुसती कागदाकडे बघत राहिली.

हेक्टरनं आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"सावकाश वाच," तो म्हणाला. "मला कुठं जायचंय?"